खंडेनवमीची पदवी

खंडेनवमीला झुंबरबाईनं घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडली आणि त्यांच्या मधोमध लेकीची पदवी ठेवली.

तशी मांडायला फार काही नव्हतीच. ऊसतोडीचे दोन कोयते, श्रीमंतनं सकाळीच कानस लावून चकचकीत केलेले. एक कुऱ्हाड, दोन खुरपी, दांडा हललेला टिकाव आणि घरातली विळी. त्या दिवशी हत्याराला सुट्टी. सरपण फोडायचं नाही, भाजी चिरायची नाही. प्रत्येकाला ओल्या हळदीकुंकवाची बोटं आणि एकेक झेंडूचं फूल. मग पदवीनंच काय घोडं मारलं होतं? झुंबरबाईनं तिलाही पाची बोटं उमटवली. तीही प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढून, कारण पिशवीवरून पूजा केली तर ती पिशवीला पोचणार, कागदाला कशी पोचणार? बाईचा हिशोब असा रोखठोक असायचा.

धनश्री टँकरवरून पाण्याची कळशी घेऊन आली. उंबऱ्यातच तिचं पाटाकडं लक्ष गेलं आणि कळशी हातातून निसटता निसटता राहिली. विद्यापीठाच्या शिक्क्यावर कुंकू पसरलं होतं. एक ओघळ सरळ खाली येऊन तिच्या नावाला टेकला होता.

"आई! आगं काय केलंस हे?"

"काय केलं? पुजलं."

"कागद हाय त्यो!"

"मंग कोयता काय देव हाय व्हय? लोखंडच हाय. पोट भरतंय म्हनून पुजायचं. तुझं पोट ह्येच्यावर भरायचंय का न्हाई?"

ओसरीवर बसलेला श्रीमंत म्हणाला, "आगं, दसऱ्याला पाटी पुजत्यात, तवा ठिवायचं हुतं."

"पाटी बारक्या पोरांची. हिची शाळा संपली. आता हत्यारच की ते."

धनश्रीनं कोरडं फडकं घेऊन कुंकू टिपायला घेतलं. कुंकूच ते, आणखीच पसरलं. शिक्का गुलाबी झाला. तिला रडू येत होतं आणि आईच्या चेहऱ्याकडं बघून हसूही येत होतं. दिवाळीच्या आधी नगरपालिकेत नोकरीची मुलाखत होती. तिथं हा कागद दाखवायचा होता.

पदवी होती शहर अभ्यास या विषयातली. एम.ए., तेही मुंबईचं. पाथर्डी तालुक्यातल्या त्या वाडीत कुणाला हा विषय समजावून सांगायचा म्हणजे दगडावर डोकं आपटण्यातला प्रकार. "शहरात ऱ्हायाचं कसं, त्येचा बी अभ्यास आस्तोय?" असं म्हाताऱ्यांनी विचारून झालं होतं. "मंग आमी खेड्याचा क्येला, दे आमाला बी डिग्री," असं पोरांनी म्हणून झालं होतं.

पण धनश्रीनं तो विषय उगाच घेतला नव्हता. ती लहानपणापासून आईबापाबरोबर ऊसतोडीला जायची. कारखान्याच्या बाजूला मोकळ्या रानात दर वर्षी कोप्यांचं, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांचं, एक गाव उभं राहायचं. चटया, बांबू, पाचट. त्यात गल्ल्या व्हायच्या, दुकान यायचं, भांडणं व्हायची, बाळंतपणं व्हायची. उन्हाळा लागला की ते गाव नाहीसं व्हायचं. एकदा ट्रकमधून मागं बघत तिनं विचारलं होतं, "आई, आपलं गाव कुठं गेलं?" झुंबरबाई म्हणाली होती, "ते आपलं न्हवतंच." ते उत्तर पोरीच्या मनात असं रुतून बसलं, की पुढं मुंबईत तिनं प्रबंध लिहिला तो त्याच गावावर. ज्या गावाचा नकाशा कुणीच काढला नाही, त्याचा तिनं काढला. सरांनी वर्गात उभं करून कौतुक केलं. तो दिवस तिला अजूनही लख्ख आठवायचा. खिडकीतनं दिसणारी ती पिंपळाची फांदी, भिंतीवरचा शहराचा मोठा नकाशा, आणि आपण इथलेच आहोत असं पहिल्यांदा वाटलं ती दुपार. ते सगळं तिला परत हवं होतं. माणसाला तहान लागते तसं हवं होतं.

दसऱ्याचं सोनं वाटून होतंय न होतंय, तोच मुकादम दारात आला. छगन मुकादम. टोळी जमवायची, कारखान्याकडून आगाऊ पैशाची उचल आणायची, माणसं ट्रकमध्ये घालायची, हे त्याचं काम. माणूस वाईट नव्हता, पण जीभ अशी की लिंबू पिळल्याशिवाय बोलणंच नाही.

"बाप श्रीमंत, लेक धनश्री," तो खाटेवर बसत म्हणाला. "घरात नावं समदी पैशाची. पैका तेवढा दिसंना."

"च्या घ्या," श्रीमंत म्हणाला.

"घेतो. आदी सांग, कोयता पुरा का अर्धा?"

ऊसतोडीत माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघं तोडणार, वर ती मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रकमध्ये चढवणार. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्याला उचल देताना मुकादमाचा हात आखडतो. गेल्या सीझनला झुंबरबाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून घसरली होती. तेव्हापासून तिची कंबर धरलेली. बसली तर उठता येईना, उठली तर सरळ होता येईना. डॉक्टरनं ओझं उचलायचं नाव काढू नका म्हणून सांगितलं होतं.

"अर्धाच हाय औंदा," श्रीमंत खाली बघत म्हणाला.

"अर्धा कसा? ही काय घरात पुरी बसलीया की." छगननं धनश्रीकडं हनुवटी केली. "का गं बाय, पुन्याला नोकरी हुती न्हवं?"

"होती. कंत्राट संपलं."

"काय करत हुतीस?"

"हातगाडीवाल्यांची पाहणी. कोण कुठं बसतं, त्याचे नकाशे."

"आन पगार?"

"वीस हजार."

"खोलीला?"

"आठ."

"खानावळ, बस, मोबाईल?" छगन बोटं मिटत गेला. सगळी मिटली, तेव्हा ती मूठ त्यानं श्रीमंतच्या पुढं धरली. "राह्यलं काय? ह्यापरीस माझा भाचा बरा. दहावी नापास, शिर्डीत हारफुलं इकतो, आन आईच्या चुलीवर जेवतो."

धनश्रीला ती मूठ फार दिवस दिसत राहिली. तिच्या बरोबरची एक मुलगी बंगळूरला गेली होती, एक बापाच्या जिवावर परदेशी. बाकीच्या तिच्यासारख्याच, आज इथं तीन महिने, उद्या तिथं सहा. पदवीची किंमत काय, हे त्या एकमेकींना फोनवर विचारायच्या आणि हसण्यावारी न्यायच्या. छगननं ते भर अंगणात मोजून दाखवलं.

"सहादेवासंगं लावू का तुझी जोडी?" छगननं श्रीमंतला विचारलं. "त्यो बी अर्धाच हाय. दोन अर्धं मिळून एक."

श्रीमंतचा चेहरा एकदम आवळला. सहादेव त्यांच्याच वाडीतला. बायको नांदत नव्हती, म्हणून एकटा. पण दोन वर्षांपूर्वी उसाच्या फडात, सगळ्या टोळीसमोर तो बोलून गेला होता, "लेकीच्या शाळंत घातला तेवढा पैका म्हशीत घातला आस्ता, तर निदान शेन तरी मिळालं आस्तं." टोळी खो खो हसली होती. तेव्हापासून श्रीमंत त्याच्याशी बोलला नव्हता.

"त्येच्या शेजारी उभा ऱ्हायाचा न्हाई मी," तो म्हणाला. "मेलो तरी न्हाई."

"मंग मी येते," धनश्री म्हणाली. तिचं तिलाच नवल वाटलं. "मुलाखतीचं जमलं नाही तर मी येते. मोळी काय, शिकेन."

आतून झुंबरबाई भिंतीला धरत बाहेर आली. कमरेत वाकलेली, पण डोळे असे की छगननं चहाची बशी खाली ठेवली. "माज्या डोक्याचं केस गेलं मोळ्या वाहून. ते हिच्या डोक्यावर मोळी द्याया न्हाई. मुकादम, आठ दिस थांबा. पोरीची नोकरी हुतीया."

छगननं आठ दिवस दिले.

मुलाखतीला झुंबरबाई सोबत निघालीच. नको म्हटलं, कंबर दुखेल म्हटलं, ऐकेल तर शपथ. "कुकू म्या लावलं, मीच सांगनार सायबाला," हे एकच पालुपद. यष्टीत पुढल्या बाकाचा दांडा धरून ती बसली, आणि प्रत्येक खड्ड्याला ओठ चावत राहिली. बाहेर उभ्या बाजऱ्या वाळत होत्या. गावं सरून पेट्रोल पंप, प्लॉटिंगचे बोर्ड, लॉन, मंगल कार्यालयं लागली. धनश्री ते सगळं वाचत होती. तिची सवयच ती. हे शहर कुठनं वाढतंय, पाणी कुठनं आणणार, ही माणसं कुठं झोपणार. बोलावंसं फार वाटत होतं, पण ऐकायला कोण होतं?

नगरपालिकेची इमारत नवी कोरी होती. जागा एकच. नगर नियोजन सहायक, कंत्राटी, अकरा महिने. बाकावर बसलेली बाकीची पोरं इंजिनिअर. झुंबरबाईला त्यांनी सरकून जागा दिली, खिडकीखालची.

आत तीन जण होते. कागद तपासणाऱ्या बाबूनं पदवी पिशवीतून काढली आणि तो हसला. "हे काय? देवाला वाहिली होती का?"

धनश्री तोंड उघडणार, एवढ्यात दारातून आवाज आला. "सायेब, म्या लावलं त्ये. खंडेनवमीला पुजलं. पोरीची कायबी चूक न्हाई." झुंबरबाई दाराची चौकट धरून उभी होती. पदर डोक्यावर, हात जोडायचे म्हणून चौकट सोडली, तर तोल गेला आणि पुन्हा चौकट धरली. शिपाई धावला. इंजिनिअर पोरं मान उंच करून बघायला लागली. धनश्रीला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. आणि लगेच असं वाटल्याचीच लाज वाटली.

मधे बसलेले अधिकारी पिकल्या केसांचे होते. ते शांतपणे म्हणाले, "असू द्या मावशी. बाहेर बसा तुम्ही."

ती गेल्यावर त्यांनी पदवी हातात घेतली. कुंकवाकडं त्यांनी बघितलंही नाही. त्यांनी विषयाचं नाव वाचलं, मग समोरचा शासनाचा कागद वाचला, मग पुन्हा पदवी.

"शहर अभ्यास," ते म्हणाले. "स्थापत्य चालतं, वास्तुशास्त्र चालतं, नगररचना चालते. हे यादीत नाही."

"सर, नगररचनेच्या जवळजवळ तेच विषय आहेत. नकाशे मी स्वतः—"

"जवळजवळ यादीत नसतं बाळ." त्यांनी तिचा प्रबंध चाळला, कोप्यांच्या गावाचा नकाशा आला तिथं जरा थांबले. "काम चांगलं केलंयस. पण मी घेतलं तर उद्या लेखापरीक्षणात मलाच उत्तर द्यावं लागेल. समकक्ष असल्याचा शासनाचा आदेश आण. तो असता तर प्रश्न नव्हता."

"तो कुठं मिळतो सर?"

"मंत्रालयात. अर्ज करून बघ." त्यांनी पदवी परत केली, दोन्ही हातांनी.

बाहेर आल्या आल्या झुंबरबाईनं विचारलं, "कुकवानंच गेलं का गं?"

धनश्रीनं आईकडं बघितलं. आता काय सांगायचं? हो म्हटलं, तर ही जन्मभर स्वतःला खात बसणार. नाही म्हटलं, तर सांगावं लागणार की तुमच्या सगळ्या सीझनांच्या मोळ्यांनी जे विकत आणलं, ते सरकारच्या कागदावर नाहीच. "कळवतील नंतर," ती कशीबशी म्हणाली. स्टँडवर झुंबरबाईनं लेकीला केळी घेऊन दिली, स्वतः खाल्ली नाहीत.

घरी आल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. अंगणात श्रीमंत आणि छगन वाट बघत बसलेले. मुकादमाला आज उत्तर हवं होतं.

"काय झालं?" श्रीमंत उठून उभा राहिला.

धनश्रीनं श्वास घेतला. पण तिच्याआधी झुंबरबाई बोलली.

"कुकवानं गेलं. कागुद खराब झालाय म्हनलं सायेब. माझंच चुकलं."

श्रीमंत असा बरसला की शेजारची माणसं दारात आली. "अक्कल शेन खाया गेल्ती का तुझी? सोन्यासारखा कागुद! पुजायला दुसरं काय न्हवतं? पोरीच्या नशिबावर बोटं वडलीस तू, बोटं!" छगनही हसून म्हणाला, "वैनी, आता आमच्या ट्रकच्या इंजनात तेवढी हळद घालू नगासा." झुंबरबाई खाली मान घालून ऐकत होती.

"आण्णा, ऐका, तसं नाही—" धनश्री पुढं झाली. आईनं तिचं मनगट धरलं. कोयत्याच्या मुठीवर कसलेला हात तो, बोटं अशी रुतली की बोलणं तिथंच थांबलं.

आणि मग एक गोष्ट घडली. श्रीमंतचा राग जसा आला तसा ओसरला, आणि त्याच्या तोंडावर काहीतरी उजळलं. "म्हंजी डिग्री चालती," तो हळूच म्हणाला. "डिग्री चालती, कागुद तेवढा खराब. कोरा मिळतोय ना गं धने दुसरा?"

"मिळतो," धनश्री म्हणाली. ते तेवढं खरं होतं.

"मंग झालं की!" त्यानं पायांत चपला सरकवल्या. "मुकादम, थांबा. आलो."

तो कुठं गेला ते सगळ्यांना दिसलं. वाडीच्या खालच्या अंगाला सहादेवाचं घर होतं. श्रीमंत त्याच्या दारात उभा राहिला, जोत्यावर चढला नाही. बराच वेळ त्याची मान खाली होती. सहादेव बाजेवर बसून बोलत होता, हात नाचवत होता. काय बोलला असेल, देव जाणे. म्हशीचं शेण पुन्हा निघालंच असणार. श्रीमंत ऐकत उभा होता. मग दोघांनी तंबाखू चोळली.

"लागली जोडी," तो परत येऊन म्हणाला. "लिवा एक कोयता."

ट्रक दिवाळीच्या आधीच हलला. झुंजुमुंजूला श्रीमंत कोयत्याला गोणपाट गुंडाळत बसला होता. धनश्री त्याच्याजवळ जाऊन बसली. आता सांगायचंच, असं तिनं रात्रभर ठरवलं होतं. आपल्यापायी बापानं त्या माणसापुढं मान खाली घातली, ती खोट्यावर. हे तिला गिळता येत नव्हतं.

"आण्णा, त्या पदवीचं..."

"वरीस लागलं तरी लागू दी," तो गाठ मारत म्हणाला. "म्या सहादेवाला सांगितलं, म्हनलं लेका, नुसतं कुकू पुसायचं राह्यलंय, लेक सायेबच हाय माझी. गप बसला बघ." तो पोरासारखा हसला. "तू तेवढी पुन्ना फडात येऊ नगंस धने. तुझ्या त्या नकाशातल्या गावात आमी हायेत. तू भाईर ऱ्हा."

धनश्रीनं गोणपाटाचं दुसरं टोक धरलं. तिच्या डोळ्यांतून पाणी टपटप त्याच्यावर पडलं. बापाला वाटलं, तो चाललाय म्हणून रडते. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

भांडी, शेळ्या, कोंबड्या, पोरंबाळं आणि कोयते घेऊन ट्रक निघाला. वळणावर श्रीमंत उभा राहून ओरडला, "झुंबरेऽ, आता कशालाच कुकू लावू नगंस!" सगळा ट्रक हसला. सगळ्यांत मोठ्यानं सहादेव हसला, आणि श्रीमंतनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. मग धूळ खाली बसली, आणि वाडीत म्हातारी माणसं आणि कुत्री तेवढी राहिली.

झुंबरबाई भिंतीला टेकून बसली. तिचा कोयता तिच्या शेजारी, या वर्षी पहिल्यांदा घरी राहिलेला.

"आई," धनश्री म्हणाली, "कुंकवानं नाही गेली नोकरी."

"म्हाईत हाय."

"कसं?" धनश्री तिच्याजवळ बसली.

"मी खिडकीखालीच हुते की. तुझ्या डिग्रीचं नाव यादीत न्हाई म्हनला त्यो सायेब. तू काय सांगतीस ते बघाया इचारलं तुला." तिनं कमरेखाली हात घेतला, कळ आली ती जिरू दिली. "मला येडी म्हनत्यात ते म्हनू देत गं. बाईमानूस आडानी हाय, कुनाला नवल न्हाई वाटत. पर डिग्रीच चालत न्हाई आसं तुझ्या बापाला कळलं आस्तं, तर त्यानं औंदा कशाच्या जिवावर ऊस तोडला आस्ता? त्येचं मन मोडलं आस्तं. मन मोडल्यालं मानूस फडात टिकत न्हाई."

धनश्रीनं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि तिला पोट भरून रडू आलं. झुंबरबाईनं तिला रडू दिलं. डोक्यावरून हात फिरवताना तिची खरबरीत बोटं केसांत अडकत होती.

"त्या यादीत नाव घालाया कुनाला भेटावं लागतं?" तिनं थोड्या वेळानं विचारलं.

"मुंबईला. मंत्रालयात अर्ज करायचा. पण आई, कोण ऐकतंय आपलं? होईलच असं नाही."

"हुईलच आसं कशाचं आस्तं? पाऊस हुईलच म्हनून कुनी पेरतंय व्हय? कागुद आन कोरा."

धनश्रीनं डोळे पुसले. ट्रंकेतून कोरा कागद काढला, पाट पुढं ओढला आणि पेनाचं टोपण काढलं. झुंबरबाई भिंतीला धरत उठली. तिनं कोनाड्यातला कुंकवाचा करंडा उचलला, टाचा उंच करून, कळ सोसत, तो वरच्या फळीवर अगदी मागं सारला, सहज हाताला येणार नाही असा.

"हं," ती खाली बसत म्हणाली. "आता लिव."